मुदत संपलेली औषधे आणि आपली वस्ती

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले घेऊन मी हिवरे बाजारला गेलो होतो. नगर तालुक्यातले हे गाव आता साऱ्यांना ठाऊक आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने, दारूने आणि स्थलांतराने मोडकळीस आलेले होते. पुढे श्रमदान झाले, बांधबंदिस्ती झाली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली, आणि जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या त्या पट्ट्यात विहिरींना पाणी राहू लागले. मुलांना मला मुख्यतः दाखवायचा होता तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना किती लागेल, जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणते पीक बसेल, याचा हिशोब हे गाव दरवर्षी सर्वांसमोर मांडते. जे आहे ते मोजायचे आणि मोजल्यावरच वापरायचे, एवढीच त्यातली गोष्ट.

परतताना उन्हाने एका विद्यार्थिनीचे डोके दुखू लागले. एका मुलाने पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढले. दुसऱ्याने ते उलटे करून पाहिले आणि म्हणाला, "अगं, घेऊ नको. तारीख गेलीय. विष झालं असंल." तिसरा हसला. "काही होत नाही सर. आमच्या घरी सगळे खातात." आणि मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले, कारण मी रसायनशास्त्र शिकवतो.

मी त्यावेळी गाडी थांबवून नव्या गोळ्या घ्यायला लावल्या आणि प्रश्न तेवढ्यावर मिटवला. परंतु तो मिटला नव्हता. मुलांची दोन्ही उत्तरे अर्धवट होती. माझ्याजवळचे उत्तरही पुस्तकातले होते, आणि त्या पुस्तकाबाहेर माझ्या घरात काय घडले होते हे मी मुलांना सांगितले नव्हते. ते इथे सांगतो. त्याआधी मुळात ही तारीख म्हणजे काय, ते पाहू.

तारखेचा अर्थ

औषधावर छापलेली मुदत ही औषधाच्या मरणाची तिथी नव्हे. ती उत्पादकाने दिलेली हमी आहे. सांगितल्याप्रमाणे ठेवले तर या तारखेपर्यंत औषधातला गुणकारी भाग ठरलेल्या प्रमाणाच्या खाली जाणार नाही, अशी ती हमी असते. बहुसंख्य गोळ्यांच्या बाबतीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास धरले जाते. पाचशे मिलिग्रॅमची गोळी मुदतीच्या शेवटच्या दिवशीही साधारण साडेचारशेच्या खाली उतरता कामा नये, असा त्याचा अर्थ.

ही तारीख ठरवण्यासाठी कारखान्यात औषध ठराविक उष्णतेत आणि ओलाव्यात ठेवून वेळोवेळी तपासतात. आपल्यासारख्या उष्ण देशासाठी दीर्घ चाचणी ३० अंशांवर होते. निकाल लवकर कळावा म्हणून ४० अंश उष्णता आणि ७५ टक्के आर्द्रता अशा कडक परिस्थितीतही सहा महिने औषध ठेवून पाहतात. जितका काळ औषध टिकले असे दाखवता येते तितकीच मुदत मिळते. त्यापुढे औषध टिकते की नाही हे पाहण्याची उत्पादकावर सक्ती नाही, आणि त्यात त्याला फायदाही नाही. म्हणून मुदतीनंतरच्या काळाविषयी पाकीट काहीच बोलत नाही. तारखेचा हा पहिला अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. जून लिहिले असेल तर तीस जूनपर्यंत. पुष्कळ शिकलेली माणसेही इथे चुकतात.

या तारखेला कायद्याचा आधार आहे, आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या बाजारात बनावट आणि निकस औषधांचा सुळसुळाट होता. १९३० साली कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. दहा वर्षांनी, १९४० साली, औषधांचा कायदा झाला आणि १९४५ साली त्याचे नियम आले. मुदत संपलेले औषध दुकानदाराने विकायचे नाही, विक्रीच्या मालात ठेवायचेही नाही. कंपनीकडे परत जाईपर्यंत ते वेगळ्या खोक्यात, वर 'विक्रीसाठी नाही' असे ठळक लिहून ठेवायचे, असे हे नियम सांगतात. महाराष्ट्रात हे पाहण्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची आहे.

मुदत उलटल्यावर

आता मुलांच्या वादाकडे येऊ. मुदत संपली की औषध विष होते काय?

बहुतेक वेळा होत नाही. या संदर्भात एकच उदाहरण पुन्हा पुन्हा सांगितले जाते, ते टेट्रासायक्लिनचे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेतलेल्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. ते औषध विघटित होऊन त्यातून घातक द्रव्य तयार झाले होते. पुढे त्या गोळ्यांची घडण बदलण्यात आली. इतके स्पष्ट दुसरे उदाहरण सहसा दिले जात नाही. तेव्हा तारीख उलटलेली एखादी तापाची गोळी चुकून पोटात गेली म्हणून कुणी घाबरून जाऊ नये.

उलट बाजूचे संशोधनही आहे. अमेरिकेच्या लष्कराजवळ औषधांचा मोठा साठा असतो. दर काही वर्षांनी तो फेकून देणे परवडेना, तेव्हा १९८६ पासून तिथल्या औषध प्रशासनाने तो तपासून मुदत वाढवण्याचा कार्यक्रम सुरू केला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२२ औषधांचे ३००५ गट तपासले होते. त्यांतल्या ८८ टक्के गटांची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली, आणि सरासरी वाढ ६६ महिन्यांची होती. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका औषधदुकानात सापडलेली, मुदत उलटून २८ ते ४० वर्षे झालेली आठ औषधे तपासली. त्यांतल्या चौदा घटकांपैकी बारांची शक्ती नव्वद टक्के किंवा अधिक भरली. ॲस्पिरिन मात्र त्यात टिकले नव्हते.

म्हणजे 'काही होत नाही' म्हणणारा मुलगा बरोबर ठरला काय? इथेच सावध व्हायला हवे. ही औषधे कुठे ठेवलेली होती? लष्कराच्या कोठारात, नियंत्रित उष्णतेत, मूळ डब्यांत, मोहोर न फोडता. कॅलिफोर्नियातली औषधेही न उघडलेल्या डब्यांत होती. लष्कराच्या तपासणीत तर एकाच औषधाच्या दोन गटांत मोठा फरक निघाला. म्हणूनच तिथे प्रत्येक गट वेगळा तपासतात आणि मगच त्याला पुढची तारीख देतात. अशी प्रयोगशाळा आपल्या कुणाच्या घरात आहे?

पत्र्याखालची फळी

माझे घर नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीत आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. घरावरचे पत्रे मात्र तेच आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याखालच्या फळीवर तर दुपारी हात ठेववत नाही. त्याच फळीवर आईचा बिस्किटांचा जुना डबा असतो आणि त्यात घरातली सगळी औषधे.

पाकिटावर तारखेजवळच बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते. '३० अंशांच्या खाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवा.' काही औषधांवर २५ अंश लिहिलेले असते. तारखेची हमी या ओळीला बांधलेली आहे. ओळ मोडली की हमीही मोडली. ज्याच्या घरात स्लॅब आहे, पंखा आहे, कपाट आहे, त्याच्या बाबतीत तारीख उलटून दोन महिने झालेली गोळीही बहुधा चांगली असेल. ज्याचे घर पत्र्याचे, ज्याची चूल त्याच खोलीत, पावसाळ्यात ज्याच्या भिंतींना ओल येते, त्याच्या डब्यातली गोळी तारखेच्या आधीच उतरू शकते. उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्या मजुराच्या गाठोड्यातली तर विचारूच नका. तारीख सगळ्यांच्या पाकिटावर सारखी छापलेली असते, पण ती सगळ्यांच्या घरात सारखी लागू पडत नाही.

रसायन इथे फार अवघड नाही. ॲस्पिरिनला ओलावा लागला की त्याचे दोन आम्लांत विघटन होते, आणि बाटली उघडताच शिरक्यासारखा आंबट वास येतो. हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. जलसंजीवनीच्या पुडीत ओल शिरली की भुकटीचे खडे होतात, रंग पिवळट पडतो. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी उघड्यावर राहिली तर तिच्यातले औषध हवेत उडून जाते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उन्हाने ते बिघडते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि वापरात घेतलेली बहुतेक इन्सुलिने चार आठवड्यांनंतर टाकून द्यायची असतात, पाकिटावर पुढच्या वर्षाची तारीख असली तरीही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शनही थंडाव्याशिवाय निकामी होते.

हीच अडचण ओळखून पोलिओच्या डोसाच्या कुपीवर १९९६ पासून एक खूण लावू लागले. एका वर्तुळात एक फिका चौकोन असतो. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका तो गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की तारीख काहीही असो, कुपी टाकायची. आपल्या आशाताईंना आणि परिचारिकांना ही खूण वाचता येते. गोळ्यांच्या पाकिटावर मात्र अशी खूण नाही. उष्णता खाल्लेली गोळी आणि ताजी गोळी डोळ्यांना पुष्कळदा सारखीच दिसते.

कमी शक्तीचा धोका

तेव्हा खरा धोका विषाचा नसून अपुऱ्या औषधाचा आहे. डोके दुखताना गोळी निम्मी चालली तर डोके थोडे अधिक दुखेल. फारसे बिघडणार नाही. परंतु फिट्सच्या गोळीची शक्ती उतरली तर माणूस विहिरीच्या काठावर पडू शकतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या आणि थायरॉईडच्या औषधांना हेच लागू आहे. गर्भनिरोधक गोळी उतरली तर त्याचे ओझे बाईच्या अंगावर पडते.

प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिकचे तर आणखी गंभीर आहे. अपुऱ्या मात्रेत दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या वेळी तेच औषध पूर्ण मात्रेत देऊनही चालत नाही. क्षयाच्या औषधांत ही गोष्ट जिवावर बेतते, आणि क्षय हा दाटीवाटीच्या वस्त्यांचा आजार आहे. मुलांसाठी पावडरीत पाणी घालून केलेले प्रतिजैविकाचे पातळ औषध साधारण आठवडाभरच टिकते. आया मात्र उरलेली बाटली पुढच्या तापासाठी जपून ठेवतात. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून महिनाभराने टाकायचे असतात, कारण त्यात जंतू वाढू शकतात.

काही वेळा जाणकारांना उलटा निर्णयही घ्यावा लागतो. सर्पदंशाचा रुग्ण अत्यवस्थ आहे आणि दुसरे काहीच हाताशी नाही, अशा वेळी नुकतीच मुदत उलटलेली, पण नीट साठवलेली विषरोधक लसही वापरता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. पण हा डॉक्टरचा निर्णय, आणि तोही नाइलाजाचा. त्याला नियम समजायचे नसते.

दोन सुट्या गोळ्या

आता एक साधी गोष्ट, जी कुठल्याही प्रयोगशाळेत दिसत नाही. आपल्या वस्तीतला माणूस मेडिकलमध्ये जातो तेव्हा दहा गोळ्यांचे पाकीट घेत नाही. तो म्हणतो, "दोन द्या." दुकानदार कात्रीने दोन गोळ्या कापतो. तारीख बहुधा पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते, आणि ते टोक दुकानात राहते. खिशात दहा गोळ्यांचे पैसे नसतात त्याच्या वाट्याला नावाशिवायची, तारखेशिवायची गोळी येते. त्यातली एक तो खातो, दुसरी डब्यात जाते. दोन वर्षांनी ती कशाची आणि कधीची हे कुणालाच सांगता येत नाही. आईला वाचता येत नव्हते म्हणून हे झाले, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. पण त्या तुकड्यावर वाचण्यासारखे काही नव्हतेच.

साहेबांच्या घरची पिशवी

आता घरची गोष्ट. माझी आत्या नगरमध्ये धुण्याभांड्याची कामे करते. ज्या घरी ती जायची तिथली माणसे वाईट नव्हती. सणाला साडी द्यायची, उरलेले अन्न बांधून द्यायची. एकदा त्यांनी कपाट आवरले आणि औषधांची भरलेली पिशवी तिच्या हातात दिली. फेकून देण्यापेक्षा तुमच्याकडे कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असे म्हणाली. आत्याने ती आईला आणून दिली. अर्धी खोकल्याची बाटली, अर्धे डोळ्यांचे थेंब, प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या आणि 'बी.पी.च्या' म्हणून सांगितलेली दोन पाकिटे. पिशवी पत्र्याखालच्या डब्यात रिकामी झाली.

आईला रक्तदाब आहे. तिच्या स्वतःच्या गोळ्या संपल्या होत्या. दवाखान्यात जायचे तर एक दिवसाचा रोज बुडतो. तिने पिशवीतल्या गोळ्या सुरू केल्या. मी सुट्टीत घरी गेलो, पाकीट पाहिले. मुदत उलटून वर्ष होत आले होते. मी म्हटले, "आई, ह्या शिळ्या झाल्यात." ती म्हणाली, "आरं, गोळी काय भाकर हाय का शिळी व्हायला?" मी हसलो. पाकीट तिच्या हातून काढून घेतले नाही. फळ्यावर ॲस्पिरिनचे विघटन लिहिणारा मी, दुसऱ्या दिवशी नोकरीवर परत आलो.

पंधरा दिवसांनी तिला सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. रक्तदाब फार वाढला होता, डाव्या बाजूला मुंग्या येऊन हात खाली पडला होता. ती वाचली. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. मी डॉक्टरांना विचारले, हे जुन्या गोळ्यांमुळे झाले का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "गोळी किती उतरली होती हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ही गोळी मुळात यांची नव्हतीच. औषध वेगळे, मात्रा वेगळी." दोन चुका एका डब्यात एकत्र आल्या होत्या, आणि तिसरी चूक माझ्या हसण्याची होती.

त्या पिशवीचा मी पुढे पुष्कळ विचार केला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावराचे मांस आणि शिळेउष्टे तुकडे खाणे सोडायला सांगितले. आपल्या आजे-पणज्यांनी ते सोडले, त्यासाठी उपासही काढले. शिळी भाकर नाकारायला आपण शिकलो. पण शिळी गोळी चांदीच्या कागदात येते, शहरातून येते, शिकलेल्या माणसाच्या हातून येते. ती उष्टी आहे हे ओळखू येत नाही.

उरलेले औषध दुबळ्याला देऊन टाकण्याची ही रीत जगभर आहे. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा मदत म्हणून सुमारे पाच हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य आले. त्यातली आठ टक्के औषधे पोहोचली तेव्हाच मुदतबाह्य होती, आणि जेमतेम तीस टक्के सहज ओळखता येण्याजोगी व उपयोगाची निघाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इरिट्रियाला मुदत उलटलेल्या ॲस्पिरिनचे सात ट्रक मिळाले. ते जाळायला सहा महिने लागले. १९९२ ते १९९६ या युद्धकाळात बोस्नियात निरुपयोगी औषधांचा अंदाजे सतरा हजार टनांचा ढीग साचला. देणाऱ्यांचे कपाट रिकामे झाले, कीर्ती झाली. घेणाऱ्यांच्या माथी कचरा जाळण्याचा खर्च बसला.

या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले. दान केलेल्या औषधाची पोहोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी. रुग्णाला एकदा देऊन परत आलेले औषध दान करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुणवत्तेची दोन मापे नकोत: जे औषध देणाऱ्याच्या स्वतःच्या देशात चालणार नाही, ते दुसऱ्याला दान म्हणूनही चालणार नाही. हा नियम देशादेशांमधला आहे. पण साहेबांचे घर आणि आत्याचे घर यांच्यामध्ये तो कोणी लावायचा? जी गोळी तुम्ही आपल्या लेकराला देणार नाही, ती आमच्या लेकराला देऊ नका, एवढे म्हणायला आपण शिकले पाहिजे. त्यात कृतघ्नपणा नाही.

मुदत कोणी वाढवायची

काही विद्यार्थी विचारतील, सरकार स्वतःच मुदती वाढवते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, हिवरे बाजारने रुग्ण लवकर शोधून, वेगळे ठेवून गाव करोनामुक्त केले आणि त्याचे राज्यभर कौतुक झाले. पुढे लसीकरण वाढले. जानेवारी २०२२ मध्ये पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस सुरू होताच, 'मुलांना मुदत संपलेली लस देतात' अशी बातमी पसरली. त्यावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्डची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये सहावरून नऊ महिने, आणि कोव्हॅक्सिनची ऑक्टोबर २०२१ मध्ये नऊवरून बारा महिने करण्यात आली होती. लस नवीन असल्यामुळे सुरुवातीला थोड्याच काळाची चाचणी हाती होती. चाचणी पुढे सरकली तशी केंद्रीय औषध नियंत्रकांनी ती तपासून मुदत वाढवली.

मुदत वाढवणे म्हणून गैर नाही. पुरावा पाहून, जबाबदारी घेऊन, उघडपणे ती वाढवली जाते. कपाट आवरताना 'अजून चालेल' असे म्हणून दुसऱ्यासाठी ती वाढवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण हेही सांगायला हवे की कुपीवरची तारीख का चालते हे लोकांना आधी समजावून दिले असते, तर ती भीती पसरली नसती. विश्वास ठेवा एवढे म्हणणे पुरेसे नसते.

तारखेच्या पलीकडे

तारीख बरोबर असली म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औद्योगिक वापराचे भेसळयुक्त ग्लिसरीन रुग्णांना दिले गेले आणि चौदा माणसे दगावली. त्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. तिथे दोष तारखेचा नव्हता. खरेदीचा, तपासणीचा आणि माणसांच्या लोभाचा होता. तारीख हे पहिले दार आहे. त्याच्या आत आणखी दारे आहेत, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

यासाठी कायद्यातले एक कलम आपल्या उपयोगाचे आहे. १९४० च्या कायद्याच्या २६ व्या कलमानुसार विकत घेतलेले औषध कोणाही व्यक्तीला, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला, ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. पण त्यासाठी पावती हवी. आणि पावती मागायची सवय हवी.

डब्याचा ताळेबंद

मग करायचे काय? हिवरे बाजारने पाण्याचा जो हिशोब केला, तोच आपण डब्याचा करू शकतो. दिवाळीला घर सारवतो, रंगवतो. त्याच दिवशी डबा खाली काढावा. तारीख गेलेले, तारीख नसलेले, रंग किंवा वास बदललेले, ओल लागलेले आणि दुसऱ्याच्या नावाचे असे सगळे बाजूला काढावे. उरलेले मूळ पाकिटात, पत्र्यापासून आणि चुलीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे. शीतकपाट नसेल तर इन्सुलिन कोऱ्या माठात, पाणी न लागेल असे ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. सुट्या गोळ्या घेतल्या तर तारखेचा तुकडा आपल्याला मागावा, नाहीतर दुकानदाराकडून पावतीवर नाव आणि तारीख लिहून घ्यावी.

बाजूला काढलेले विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नये. तिथे गुरे चरतात, पोरे खेळतात. २०२५ साली केंद्रीय औषध नियंत्रकांनी अशा औषधांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शन काढले, आणि केरळने त्याच वर्षी कोझिकोडमध्ये घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याचा कार्यक्रम सुरू केला. आपल्या ग्रामसभेतही ही मागणी करता येईल. तोवर गोळ्या पाकिटातून काढून राखेत किंवा चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात आणि पाकीट फाडून टाकावे.

आणि जुने टाकले तर नवे मिळाले पाहिजे. नाहीतर हा सगळा उपदेश भरल्या पोटाचा ठरेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार विनाशुल्क केले आहेत. जनऔषधी दुकानांत रक्तदाबाच्या गोळ्या थोडक्या पैशांत मिळतात. केंद्रात औषध नसेल तर 'नाही' एवढे ऐकून परत फिरू नये. कोणते औषध कधीपासून नाही, हे लिहून मागावे. आईने साहेबांच्या घरची गोळी खाल्ली ती अज्ञानाने जितकी, तितकीच बुडणाऱ्या रोजाच्या भीतीने. तो रोज न बुडवता गोळी मिळायची, तर औषध वस्तीपर्यंत आले पाहिजे, आणि ते आणायला लावणे हे आपले काम आहे.

मागच्या दिवाळीला मी आणि आत्या डबा घेऊन बसलो. आई शेजारी बसून एकेक पाकीट डाव्या हाताने धरायचा प्रयत्न करीत होती. आत्याला आता आकडे वाचता येतात. तिने तेरा पाकिटे बाजूला काढली. आत्या अजून नगरला कामाला जाते. पुन्हा एकदा तिला औषधांची पिशवी देऊ केली गेली, तेव्हा ती म्हणाली, "तारीख दावा आधी."